पाण्याचे माप

माझे मेहुणे उन्हाने गेले, असे मी साऱ्या गावाला सांगितले. ते खरे नाही. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. खरे काय ते आज लिहितो. डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करायला सांगितले होते. पाणी कमी करायला मी सांगितले.

मी इथल्या धरणाच्या कामावर पंपाचा मिस्त्री आहे. मराठी शाळा शिकलो आणि तरुणपणापासून पंपांवरच राहिलो, त्यामुळे दाब हा माझा रोजचा विषय. टाकीत पाणी चढले की दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढतो, पाणी सोडले की काटा उतरतो. यात कधी फरक पडल्याचे मी पाहिले नव्हते.

दाजी, म्हणजे हे मेहुणे, इथलेच, पौडच्या पुढच्या माले गावचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. वरच्या माळावर त्यांची मेंढरे असत. उंच, हडकुळे, कुणाला दुखेल असे न बोलणारे. फक्त माझी थट्टा मात्र भरपूर करत. मेहुण्याची थट्टा करायची नाही तर कुणाची, असे म्हणत. फाल्गुनात त्यांच्या कानांत घूं घूं व्हायला लागले, डोके दुखू लागले. पुण्याहून एक डॉक्टर आठवड्यातून एकदा पौडला येत. त्यांच्याकडे मी दाजींना घेऊन गेलो. डॉक्टरांनी दंडाला रबरी पट्टा गुंडाळून हवा भरली, नळीतला पारा चढू लागला, तसे दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, “मिस्तरी, ह्यो तुजाच भाऊबंद दिसतोय, पंपवाला.” डॉक्टरही हसले. रक्ताचा दाब वाढला आहे, मीठ कमी करा, चढउतार कमी करा, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा, एवढेच ते म्हणाले.

‘दाब’ हा शब्द मी ऐकला आणि पुढचे सारे मला कळले असे मला वाटले. परतताना बैलगाडीतच मी दाजींना समजावले. अंगात पाणी कमी, तर रक्त कमी. रक्त कमी, तर दाब कमी. घरी आल्यावर आक्काला बजावले, दिवसाला दोनच तांबे. आठ दिवसांनी एकावर आणले.

“व्हय रं, मी काय तुजा पंप हाय? कॉक फिरवला की झालं?” दाजी म्हणाले.

“थोडं सोसा दाजी. तुमच्याच भल्याचं हाय.”

“मेंढरालासुदीक पाण्यावर कुनी आडवत न्हाई...” त्यांनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, “पर तू शिकल्याला हायेस. तू म्हंशील तसं.”

आणि ते खरेच तसे वागले. चैत्र संपून वैशाख लागला. ओठांना भेगा पडल्या. उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, असे ते सांगू लागले. मी म्हणालो, दाब उतरतोय, बरे लक्षण आहे, आता पुन्हा दाखवायची गरज नाही. मला मनातून आनंद झाला होता, हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी मला सुट्टी होती. भर दुपारी आम्ही जांभळीखाली बसलो होतो. दोन एडके झुंजायला लागले म्हणून दाजी एकदम उठले, दोन पावले गेले आणि हवेत काहीतरी धरायला हात पुढे केला. मी पाहत होतो. मी उठलो नाही. ते पडले, आणि कानशील दगडावर आपटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पौडचा वार होता, म्हणून निरोप धाडून त्यांना घरी आणले. त्यांनी बराच वेळ नाडी धरली. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग मला अंगणात नेऊन विचारले, “पाणी किती पीत होते?” मी सांगितले. “कुणी सांगितलं होतं?” ... “मी.” ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, “अंगातलं पाणी आटलं की उभं राहताना रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. आणि माणसाच्या शिरा लोखंडाच्या नळ्या नसतात हो. पाणी तुटलं की त्या आवळून घेतात. त्यानं दाब ताळ्यावर येत नाही.”

आत आलो तेव्हा आक्काने विचारले, “काय म्हनला डाक्तर?”

“उन्हाचा तडाखा हाय म्हनला,” मी सांगितले.

तिसऱ्या दिवशी दाजी गेले. शेवटी रीतीप्रमाणे प्रत्येकाने तुळशीच्या पानाने त्यांच्या तोंडात पाणी घातले. माझीही पाळी आली. मीही घातले. मला रडू आले नाही. अजून आलेले नाही. तेराव्यानंतर मी कामावर गेलो, पंप चालवला, भाकरी खाल्ली.

मागच्या आठवड्यात आक्काकडे गेलो. ती चुलीपुढून उठली आणि भिंत धरून तशीच उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले. पाणी प्यायली नाहीस का, म्हणून विचारले, तर म्हणाली, “दिसाला वाटीभर पिते. त्येवडंच.” का, म्हटल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, “नामा, तुला सांगितलं न्हाई म्या. ते पडायच्या आदल्या सांजंला लई तळमळाय लागलं हुतं. म्या तुजं ऐकलं न्हाई. चोरून तांब्याभर पाजलं... त्यानंच दाब चढला आसंल. म्याच घालवलं त्यांस्नी.”

मला वाटते, तेव्हाही मी गप्प राहू शकलो असतो. क्षणभर राहिलोही. मग रांजणातले पाणी तांब्यात घेऊन तिच्यापुढे बसलो.

“आक्का, पी. तू पाजलंस त्येवडंच त्यांच्या कामाचं हुतं. डाक्तर पाणी तोडा म्हनलाच नव्हता. ते माजं डोकं. उन्हाचंबी मी खोटं सांगितलं. दाजी माज्यामुळं गेलं, आन् म्हैनाभर मी तुला हे वझं वाहू दिलं. माजं चुकलं, आक्का. दोन्ही येळंला माजंच चुकलं.”