बेडी पुढून की मागून

आमच्या मालिकेतला खलनायक तिसऱ्यांदा पोलिसांच्या हातून निसटला, त्या दिवशी अण्णा सकाळचा फेरफटका अर्धवट टाकून घरी आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी कानातले इयरफोन काढले आणि मला विचारलं, "ह्याला बेडी पुढून घातली होती काय गं?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. बेळगावकडे पोलीस खात्यात उभा जन्म काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी ते आणि सासूबाई आमच्याकडे बंगळूरला बसवनगुडीत राहायला आले. मी पुण्याची. कोरमंगलातल्या एका कंपनीसाठी मराठी मालिका लिहिते. पडद्यावरच्या नव्हे, फोनवर ऐकायच्या. दहा-दहा मिनिटांचे भाग, आणि भाग किती होणार हे लिहिणारीलाही ठाऊक नसतं. लोक भाजी चिरताना ऐकतात, बसमध्ये ऐकतात. अण्णा फिरताना ऐकायचे. नवऱ्यानं कौतुकानं त्यांच्या फोनवर सगळं बसवून दिलं, आणि माझ्या घरातच माझा सगळ्यात कडक श्रोता तयार झाला.

बेडी पुढून होती, असं मी कबूल केलं. पुढून नसती तर त्यानं हात उचलून ड्रायव्हरचा गळा कसा आवळला असता?

"तेच विचारायलोय मी," अण्णा म्हणाले. "पुढून घातलीच कुणी?"

त्यांचा नियम साधा होता. हात मागे, तळवे बाहेर. पुढे हात असलेला माणूस गळा आवळतो, दार उघडतो, पळताना तोल सावरतो. मागे हात असलेला चार पावलांत तोंडावर पडतो. हे खात्यात कालच्या भरतीलाही माहीत असतं, मग तुझ्या इन्स्पेक्टरला का नाही, असा त्यांचा सवाल होता. माझ्या इन्स्पेक्टरला मी हुशार, देखणा आणि बायकोच्या आठवणीत झुरणारा केला होता. बेडीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मी माझी बाजू मांडली. हात मागे बांधलेला खलनायक ऐकायच्या मालिकेत काय करणार? उसासे टाकणार. आणि खलनायक पळालाच नाही तर पुढच्या आठवड्यात आम्ही लिहायचं काय? अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आधीच्या दोन पलायनांचे भागही काढले. पहिल्यांदा तो केसातल्या पिनेनं बेडी उघडून गेला होता, ते त्यांनी एक वेळ सोडून दिलं. पण दुसऱ्यांदा तो बेडीसकट मोटरसायकल चालवत गेला होता. ते त्यांना सुटेना. दुपारी ते सासूबाईंची शिवणाची टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि नवऱ्याच्या मोटरसायकलचं हँडल मोजून आले. मग टेप माझ्यासमोर ताणून धरली. "एवढं हँडल. आणि बेडीची साखळी चार बोटं. कसं धरलं त्यानं?" नवऱ्यानं वर्तमानपत्र जरा वर धरलं, म्हणजे हसलेलं दिसू नये.

त्याला हसणं महागात पडलं. पुढच्या रविवारी अण्णांनी प्रात्यक्षिक ठेवलं. घरात बेडी नव्हती, म्हणून माझी ओढणी घेतली. नवऱ्याचे हात मागे नेले, तळवे बाहेर केले आणि दोन वेढ्यांत असे बांधले की गाठ कुठे आहे तेही दिसेना. मग त्याला सोफ्यावर बसवून म्हणाले, "सरी, झालं. आता पळ बघू."

नवरा सॉफ्टवेअरमधला. बसल्या जागेवरून हातांशिवाय उठण्यातच त्याची दोन मिनिटं गेली. मग नाक खाजायला लागलं, ते त्यानं पडद्यावर घासलं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. मी उठणार तर अण्णांनी मला खुणेनं बसवलं. आरोपीला काय जमतं ते त्यांना बघायचं होतं. नवऱ्यानं कोपरानं कडी ढकलली, हनुवटीनं दार ओढलं. बाहेर कुरियरवाला होता. त्यानं सहीसाठी फोन पुढे केला. नवरा वळून पाठमोरा उभा राहिला आणि मागच्या बोटानं फोनवर काहीतरी रेघ ओढली. कुरियरवाल्यानं ती रेघ बघितली, ओढणी बघितली, "परवागिल्ला सर", म्हणजे चालेल सर, म्हणाला, पुडकं उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेला. बंगळूरमध्ये लोकांनी रविवारी घरात काय करावं ह्याबद्दल त्याचं काही म्हणणं नसावं.

प्रात्यक्षिक मला पटलं. शिवाय रोज सकाळी दारात उभं राहून कुणी आपल्या कामाची चौकशी करणार असेल तर माणूस सुधारतोच. पुढच्या अटकेत मी बेडी मागून घातली. हात मागे, तळवे बाहेर, अण्णांच्याच शब्दांत. अण्णा त्या दिवशी बागेची एक फेरी जास्त मारून आले.

पण खलनायक अडकला तो अडकलाच. तीन भाग झाले, तो जीपमध्ये नुसता बसून होता. त्याला मी बोलतं केलं, त्याचं बालपण आठवायला लावलं, एकदा शिंकही दिली. शेवटी ऑफिसातून बोलावणं आलं. माझी वरिष्ठ माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, मराठी तिला थोडंसंच कळतं, पण भाग कुठे रेंगाळतो ते तिला कळतं. ती म्हणाली की ऐकणारे दुसऱ्या मिनिटाला सोडून जातायत. मी तिला खात्याचा नियम सांगितला. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, हात मागे आहेत तर हा तीन भाग जेवला कसा?

तो प्रश्न मी घरी घेऊन आले.

दुपारचे चार वाजले असतील. हिवाळ्याचे दिवस, म्हणजे आमच्या गल्लीत सगळीकडे अवरेकाळू. वालपापडीचे टपोरे दाणे भिजवायचे आणि चिमटीत एकेक दाबून साल काढायची. कामाला अंत नसतो, म्हणून घरातलं जो सापडेल त्याला बसवतात. सासूबाईंनी परात मध्ये ठेवली होती, एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मी. मी सहज विचारलं, "अण्णा, लांबच्या प्रवासात कैद्याला जेवायला कसं द्यायचात?"

अण्णांनी एक दाणा दाबला. तो परातीत पडायच्या ऐवजी लांब जाऊन टीव्हीखाली गेला. ते म्हणाले, ते ज्याच्या त्याच्यावर असतं. मग म्हणाले, आपल्या उभ्या नोकरीत एक कैदी सुटला नाही, एवढं लिही.

सासूबाई खाली बघूनच म्हणाल्या, "कैदी नाही सुटला. तुम्ही सुटला होता."

अण्णांचे कान लाल झाले. मी हात पुसले आणि फोन बाजूला ठेवला. सासूबाईंनी सुरुवात केली, पण त्या चुकीचं स्टेशन सांगायला लागल्या तेव्हा अण्णांना राहवेना, आणि बाकीचं त्यांनीच सांगितलं.

लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. बेळगावकडचा एक सायकलचोर बंगळूरमध्ये सापडला होता आणि त्याला आणायला अण्णा आणि त्यांचा एक जोडीदार आले होते. चोर चाळिशीचा, किडकिडीत, बोलायला मऊ. एका वर्षात त्यानं म्हणे इतक्या सायकली नेल्या होत्या की तालुक्याच्या गावातले मास्तर शाळेला चालत जायला लागले होते. यशवंतपूरहून सकाळची गाडी होती. बेडी मागून घातली, बेडीच्या दोराचं टोक जोडीदारानं हातात धरलं. पण जोडीदाराला ताप चढला होता. तुमकूर यायच्या आत तो वरच्या बाकावर जाऊन झोपला, दोराचं टोक मुठीत तसंच.

पुढे जेवायची वेळ झाली. सासूबाईंनी दोन दिवस टिकतील अशा भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. अण्णांनी फडकं सोडलं आणि समोर बघितलं. चोर खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे आपल्याला भाकरी दिसली नाही असं दाखवत होता. अण्णांपुढे दोनच वाटा होत्या. एकतर त्याला आपल्या हातानं भरवायचं, नाहीतर त्याचे हात पुढे आणायचे. भरवायची त्यांना लाज वाटली. त्यांनी किल्ली काढली, बेडी पुढून घातली. चोरानं दीड भाकरी खाल्ली, चटणीची चौकशी केली, आणि सांडलेले तुकडे दोन्ही हातांनी गोळा करून खिडकीबाहेर टाकले.

अर्सीकेऱ्याला गाडी थांबली. वरचा जोडीदार गोळी घ्यायला गरम पाणी मागत होता. अण्णा थर्मास घेऊन खाली उतरले. चहाच्या गाड्यावरचा माणूस पाणी उकळायला स्वल्प वेळ लागेल म्हणाला, म्हणून ते थांबले. वळून बघतात तर गाडी हलली होती.

"पळालो की," अण्णा म्हणाले. "बूट खात्याचे, हातात थर्मास. एक डबा गेला, दुसरा गेला. आमचा डबा पुढं. डोळ्यांसमोर सगळी नोकरी गेली माझ्या."

डब्यात काय झालं ते त्यांना नंतर कळलं. चोरानं खिडकीतून त्यांना पळताना बघितलं. आधी त्यानं वरच्या पोलिसाला हाका मारल्या. तो तापात होता, उठला नाही, आणि दोर त्याच्या मुठीतून केव्हाच सुटून खाली लोंबत होता. चोरानं दोर गोळा केला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून आपल्याच दंडाला गुंडाळला, बाकावर चढला आणि बेडीच्या दोन्ही हातांनी गाडीची साखळी ओढली.

गाडी फलाटाच्या टोकाला थांबली. अण्णा धापा टाकत डब्यात चढले तेव्हा रेल्वेचा माणूस त्यांच्याआधी येऊन पोचला होता आणि साखळी कुणी ओढली म्हणून सगळ्या डब्याला विचारत होता. चोर बाकावरच उभा होता. तो म्हणाला, "मी ओढली साहेब. माझा पोलीस खाली राहिला."

हे सांगताना अण्णांना हसू आलं, पण ते लगेच थांबले. रेल्वेच्या माणसानं बेडी बघितली, थर्मास बघितला आणि दंडाचा कागद न काढता निघून गेला. डब्यातले लोक हसत होते. अण्णा खाली बसले. बराच वेळ त्यांना दम लागला होता. मग त्यांनी चोराला विचारलं की दार उघडं होतं, दुसरा पोलीस झोपलेला, तू गेला का नाहीस. चोर म्हणाला, "किल्ली तुमच्या खिशात. बेडी घालून घरी गेलो तर बायकोला काय सांगू?"

सासूबाई म्हणाल्या की त्याचं बरोबरच होतं. पुढचं अण्णांनी सावकाश सांगितलं. त्या बाकावर समोरासमोर बसून बेळगावपर्यंत जाणं त्यांना फार जड गेलं. कैद्याचे उपकार घेऊन त्याच्याकडे बघायचं कसं, हे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी त्याला फडकं सोडून उरलेली भाकरी दिली, ती त्यानं घेतली नाही, भूक नाही म्हणाला. बेळगाव जवळ आलं. फलाटावर साहेब येणार होते, त्यांच्यासमोर हात पुढे असून चालणार नव्हतं. अण्णांना ते सांगता येईना. ते नुसती किल्ली हातात घेऊन बसले. तेव्हा चोर आपणहून उठला, पाठमोरा झाला आणि हात मागे केले. तळवे बाहेर.

"त्याला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "त्या दिवसापासून पुढून घातली नाही मी कुणाला."

परातीतलं काम थांबलं होतं. सासूबाईंनी आधी सुरुवात केली, मग आम्ही.

मी हे ऑफिसात सांगितलं. खलनायकाला जीपमधून उतरवून रेल्वेत बसवतात, जेवायला त्याचे हात पुढे करतात, इन्स्पेक्टर पाण्यासाठी उतरतो, गाडी सुटते, आणि खलनायक साखळी ओढतो. वरिष्ठ शेवटपर्यंत ऐकत राहिली, तिचे डोळेही जरा चमकले. पण म्हणाली, हे कुणाला पटणार नाही. तू त्याला दारातून उडी मारायला लाव. पाच माणसं खोलीत होती, पाचही जणांचं तेच मत पडलं. मला पगार त्याच खोलीतून मिळतो. खलनायकानं सोमवारी उडी मारली, हात पुढे होते.

घरी मी अण्णांना आधीच सांगून टाकलं, म्हणजे बागेत धक्का बसायला नको. मला वाटलं होतं की ते चिडतील. त्यांना उलट बरं वाटलेलं दिसलं. म्हणाले, "नाही पटत ते बरं आहे. तेव्हा साहेबांना पटलं असतं तर मी घरी बसलो असतो."

म्हणजे साहेबांना सांगितलं होतं? सांगितलं होतं, अण्णा म्हणाले. चोराच्या कागदांबरोबर त्याची वागणूक चांगली म्हणून लिहून द्यावं असं वाटलं होतं, म्हणून खरं तेच सांगितलं. साहेब हसले आणि थट्टा पुरे म्हणाले. चोराला व्हायची ती शिक्षा झाली. नंतर एकदा तुरुंगावर ड्युटी लागली तेव्हा अण्णांनी विचारून बघितलं, तर तो सुटून गेला होता. त्याच्या गावच्या एसटी स्टँडवरही एकदा चौकशी केली होती, कुणाला पत्ता नव्हता.

हे सासूबाईंनाही नवीन होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, त्याचं नाव तरी आठवतं का?

अण्णांनी सांगितलं. हजेरी घ्यावी तसं पूर्ण, बापाच्या नावासकट, गाव आणि तालुक्यासकट, एका दमात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, हे कुठं लिहायचं नाही. मी नाही लिहिणार म्हणाले, आणि सासूबाई अण्णांच्या कपात उरलेला चहा ओतायला उठल्या.