चाचांची ट्रायल

माझा बाप हमाल होता आणि आई पांढरकवड्याला हायवेवरच्या गॅरेजलाइनीत चहा विकायची. आम्ही पाच जण मागच्या टिनाच्या खोलीत राहायचो. उन्हाळ्यात ते टिन असं तापायचं, की मी पुस्तकं घेऊन शेजारच्या गॅरेजात जायचे आणि दुरुस्तीला आलेल्या ट्रकच्या सावलीत बसायचे. ते गॅरेज चाचांचं.

चाचा नुसता आवाज ऐकून इंजिनाचा रोग सांगत. पंचाईत अशी, की तीच विद्या ते माणसांवरही चालवत. कोणाच्या छातीत दुखलं की अंगठ्याने दाबून पाहायचे. तो बोंबलला तर, "इंजिन नाही, बॉडीचं काम हाय. काल जॅक उचलला नं?" आंबट ढेकर आला तर, "सायलेन्सर. मिरची बंद कर." खोकत असला तर, "फिल्टर चोक झाला." एकदा आईला धडधडायला लागलं, तर म्हणाले, "भाभी, मशीन ठीक हाय. पोरीच्या रिझल्टचं टेन्शन हाय हे." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, हाच खरा घोळ.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला मी सुट्टीत घरी आले होते. थंडीची सकाळ, आणि टायर खोलता खोलता चाचा घामाने डबडबून स्टुलावर बसले. "गॅस हाय," म्हणत लिंबूसोडा प्याले आणि उठून चालायला लागले.

"कुठं चालले, चाचा?"

"ट्रायल घ्यायले. पुलावरचा चढ चढून येतो. दुखलं नाही त पास."

दुरुस्त केलेली गाडी चढावर नेऊन पाहतात, तशी हे स्वतःला नेणार होते! मी आडवी आले. "कळ डाव्या हातात जाते काय?"

"थोडीशी. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते."

"अन् जबडा?"

"दाढ दुखून राह्यली. ते अलग."

"अलग नाही ते. बसा खाली. एकशे आठले फोन लावते."

"अन् गॅस निघाला त? सारी लाइन हासन मले!"

"हासू द्या. ईसीजी काढल्याबिगर मलेही समजत नाही, अन् तुमच्या अंगठ्यालेही नाही."

"मंग मोटरसायकलनं जातो."

"ऑइलचा लाल दिवा लागला, त ड्रायव्हरले काय सांगता तुमी?"

चाचा पुटपुटले, "गाडी बंद कर. दोर लावून टोचन करून आण."

"मंग द्या चाबी."

त्यांनी चाबी दिली. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावलेला, तरी मास्क सरकवून ड्रायव्हरला म्हणाले, "बेटा, आवाज येते, तुहा फॅनबेल्ट ढिला हाय."

अटॅकच होता. "चढ चढले असते तर भरवसा नव्हता," असं डॉक्टर म्हणाले. चाचा परत आले, पण हातातला पाना सुटला. आता मुलगा गॅरेज पाहतो आणि चाचा आईच्या ठेल्यावर फिका चहा पीत बसतात. कोणी छातीवर हात ठेवला की अंगठा खिशात घालतात आणि ओरडतात, "हलू नको! फोन लावा!"

मी पास झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. लाइनीतून त्यानंतर तीन जण वेळेवर दवाखान्यात गेले. दोघांचा गॅस निघाला, एकाचं हृदय. तिघंही आज कामावर आहेत.