पत्र्यावरचं नाव

"जॅकेट काढ आणि पलीकडं उभी ऱ्हा," भाऊ म्हणाले.

डिंगोरे गावातल्या एका देवळाचा सभामंडप. वादळात ज्यांची घरं उघडी पडली त्यांना ताडपत्री, ब्लँकेट आणि किराणा वाटायचा होता. देणगीदार पुण्याहून आले होते, त्यांना परतायची घाई होती. घाटाकडच्या वाड्यांवरची माणसं घेऊन येणारी एसटी अजून पोचली नव्हती. कॅमेरा होता, पिशव्या होत्या, घेणारं कुणी नव्हतं.

भाऊ ही मदत वाटणारी संस्था चालवत, मी तिथली स्वयंसेवक. अंगात निळं जॅकेट, पाठीवर संस्थेचं नाव. सकाळपासून पिशव्या भरत होते.

"मी?"

"मग काय हिला सांगू?" भाऊंनी शेजारच्या मुलीकडं बोट केलं. ती जुन्नरच्या एका डॉक्टरांची मुलगी, तिच्याही अंगात तेच जॅकेट. "तू वरच्या वाडीची. तुला शोभतंय. फोटोपुरतं गं."

कुणीतरी हसलं. मी जॅकेट काढलं. पलीकडं गेले. हात पुढं केले.

"ताई, हसू नका," फोटोग्राफर म्हणाला. "जरा अडचणीत असल्यासारखं."

मी हसत नव्हते.

फोटो झाल्यावर भाऊंनी सांगितलं, "पिशवी ठेव बरं का परत."

पुढच्या आठवड्यात जुन्नरच्या एसटी स्टँडबाहेर फ्लेक्स लागला. मी त्यात माणसापेक्षा मोठी होते. वाडीवर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काय व्हतं गं पिशवीत?"

"मी वाटायला गेले होते, काकू."

"फोटुत तर घेत व्हतीस."

घरी मी आईला म्हटलं, आता जाणार नाही. आईनं बोट वर केलं. "त्यांचं पत्रं हाय डोक्यावर. गप ऱ्हा."

त्याआधीच्या एका वादळात आमचं छप्पर गेलं होतं. संस्थेनं पत्रे दिले. प्रत्येक पत्र्यावर आतल्या बाजूनं संस्थेचं नाव रंगवलेलं आहे. बाहेरून रंगवलं तर पावसानं जातं, म्हणून. अंथरुणावर पाठ टेकली की नाव दिसतं. जेवताना मान वर केली तरी दिसतं. पत्रे देताना भाऊ आईला म्हणाले होते, "रविवारचं एक माणूस द्या आमाला." आईनं मला दिलं. स्वयंसेवक या शब्दात 'स्वयं' कुठं आहे, हे मी कधी विचारलं नाही.

मी जात राहिले. ताडपत्री खोटी नव्हती. तिच्याखाली लेकरं खरोखर कोरडी राहत होती. हे मला ठाऊक होतं आणि भाऊंनाही ठाऊक होतं. त्यामुळं बोलायला जागाच उरत नव्हती.

मग तोच सभामंडप, दुसरा रविवार. एक बाई आली. घराची भिंत पडलेली, पाठीला झोळीत मूल. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला.

"बाई, पदर वर घे. तोंड दिसू दे," भाऊ म्हणाले.

"तोंड कशाला? घ्यायला हात हायेत की."

मागच्या दोघी खुसखुसल्या. भाऊंचा चेहरा बदलला. "देणाऱ्याला बघायचं असतं, कुणाला दिलं ते." मग माझ्याकडं वळून, "तू तिकडचीच ना? सार तिचा पदर."

मी गेले. माझा हात वर गेला. बोटांना पदराचं सूत लागलं. आतून ती हळूच म्हणाली, "तू ती फोटुतली ना?"

मी हात खाली घेतला. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभी राहिले, पाठ कॅमेऱ्याकडं करून. फ्लॅश पडला. मी टेबलावरची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

"सरक," भाऊ म्हणाले.

"नाय सरकणार. पाठीवर तुमचं नाव हाय. ते आलंय फोटोत. अजून काय पायजे?"

"घरावर पत्रं कुणाचं हायेत, इसरली का?"

"नाय इसरले."

या वेळी जॅकेट कुणी काढायला सांगितलं नाही. मी काढलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि त्या बाईबरोबर एसटीत बसले.

पत्रे गळू नयेत म्हणून आमच्याकडं खिळ्यांना डांबर लावतात. यंदा उरलेलं डांबर मी आतून लावलं, अक्षरांवर. आई शिडी धरून उभी होती. ती मला थांबवत नव्हती, पण सारखी दाराकडं बघत होती.

"काढून नेत्याल ते," ती म्हणाली.

"नेऊ देत."

घरात अजून डांबराचा वास आहे. भाऊंकडून अजून कुणी आलेलं नाही. येतील. आले तर शिडी मीच लावून देईन, खिळेही काढून देईन. रविवारचं माणूस मिळणार नाही. आणि कुणाच्या पदराला हा हात पुन्हा लागणार नाही.