निळं पाणी

२००३ साली आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहायला आलो आणि पहिली थंडी पडायच्या आतच शेजारच्या काकांनी आमची गाडी ताब्यात घेतली. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून काम करून ते रिटायर झाले होते. नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या गाड्या हिवाळ्यासाठी तयार करून द्यायच्या, हा त्यांचा दर नोव्हेंबरचा नेम होता. बायकोला सातवा महिना लागलेला, म्हणून आमचा नंबर पहिला.

त्यांनी बॅटरी तपासली, वायपर बदलले, टायर बोटांनी चाचपून बघितले. गाडी बर्फात अडकलीच तर म्हणून डिकीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्त्या असं काय काय भरलेली पिशवी ठेवली. मला मनातून वैताग येत होता. पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसाला हे काय शिकवणार? बायको दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. शेवटी काकांनी विचारलं, "काच धुवायच्या टाकीत निळं लिक्विडच आहे ना?" मी हो म्हणून ठोकून दिलं. खरं तर ती मी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली होती. काच धुवायला पाणी विकत आणायचं, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. बर्फ थांबून लख्ख ऊन पडलं होतं. हायवेवर पुढच्या ट्रकने, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ कालवलेला चिखल आमच्या काचेवर उडवला. मी बटण दाबलं. टाकी गोठलेली, थेंबही आला नाही. वायपरने तो चिखल सगळीकडे फासला आणि समोर नुसता पांढरा उजेड उरला.

"तुला दिसतंय का काही?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

अंदाजाने गाडी कडेला घेतली. पुसायला काहीतरी मिळेल म्हणून काकांची पिशवी उपसली, तर ब्लँकेटच्या घडीत निळ्या लिक्विडची बाटली. रात्रभर त्याच थंडीत राहूनही ते आत डुचमळत होतं. मी ते काचेवर ओतलं. मीठ ओघळून गेलं आणि काचेपलीकडे बायकोचा चेहरा दिसला. मागे वळलो तर शेतं, झाडं, तारा, सगळं पांढरंशुभ्र झळकत होतं. इतकं सुंदर आणि इतकं निर्दय मी काही पाहिलं नव्हतं. रिकामी बाटली हातात धरून मी खुळ्यासारखा उभा राहिलो. बायकोने आतून काच वाजवली तेव्हा भानावर आलो.

दुपारी मुलगी झाली. संध्याकाळी काका डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. बायकोला झोप लागली होती. मी बाटलीचं सांगायला तोंड उघडलं, पण ते मुलीकडेच बघत होते.

"टाकीचं झाकण मी विचारायच्या आधीच उघडून बघितलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, तूच बदलशील. बायकोच्या देखत तुला खोटं कुठे पाडायचं?"