मुडद्याचा श्वास

मेलेल्या माणसासाठी तुम्ही कधी भांडलात? मी भांडतोय. जिवंतांसाठी चौदा मोर्चे काढले, पंधरावं भांडण या मुडद्याचं.

मुडदा म्हणजे आमच्या गल्लीत बूट शिवणारे काका. पन्नास वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या दगडखाणीत एका काउबॉय सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमा अजबच. नायक आपल्या मेलेल्या वैऱ्याला घोड्यावर टाकून त्याच्या गावी पुरायला नेतो आणि वाटभर त्याच्याशी गप्पा मारतो. पिस्तुलाचा बार एकदाही होत नाही! काका खोगिराचा पट्टा शिवायला गेले होते. मुडद्याचं काम करणारा नट घोड्याजवळ गेला की शिंकत सुटायचा. मुडद्याचे बूट काकांच्या पायात चपखल बसले. झालं, सिनेमा संपेपर्यंत काका आडवे.

"घरात पाण्याचा हंडा उचला म्हटलं, की अजून तोच पार्ट करतात," काकू म्हणतात.

एका दृश्यात या मुडद्याची छाती हलते. काकांनी आलागेला माणूस धरून ती गोष्ट सांगितलीय. आता तो जुना सिनेमा साफसूफ करून पुन्हा दाखवणार आहेत, आणि ती छाती कॉम्प्युटरवर थांबवणार आहेत. हे कळलं तसा मी काकांना घेऊन थेट सिनेमा साफ करणाऱ्यांच्या ऑफिसात घुसलो.

"काका, मेलेला माणूस श्वास घेत नाही," तिथले साहेब म्हणाले.

"तुम्ही कितीदा मेलाय?" काकांनी विचारलं.

मी टेबलावर हात आपटला. साहेबांचा चहा सांडला. मला दमात घेऊन काका हळू आवाजात म्हणाले, "तिथं हिरोनं माझ्या छातीवर हात ठेवला. म्हणाला, आता तुझ्या आईला काय सांगू? मला भरून आलं हो. अख्ख्या सिनेमात माझा तेवढाच अभिनय आहे."

साहेबांनी दृश्य लावलं. परत लावलं. मग चहा पुसत म्हणाले, "प्रेक्षकांची शंभर पत्रं आणा. श्वास ठेवतो."

सत्त्याऐंशी जमलीत. गल्ली संपली. काकूंच्या पत्रात निम्मी तक्रार हंड्याचीच आहे, पण तेही मी मोजलंय.

तेरा कमी पडतात. तुम्ही एक लिहा. लांबण लावू नका, 'मुडद्याला श्वास घेऊ द्या' एवढंच लिहा, खाली सही करा आणि आजच टाका.