दोन वाजता डावी, चार वाजता उजवी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भूतखेत, अंगात येणं यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. त्यामुळे जे घडलं त्याला काय म्हणावं हे मला कळत नाही... फक्त जसं घडलं तसं लिहितो.

नागपूरची राजधानी भोपाळला गेली ते साल. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचं सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. मी सौंसरच्या एका लहान इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात नर्सिंग शिकत होतो. माझ्यासोबतचा एक जण नागपूरला निघून गेला, म्हणून वॉर्डात मी एकटाच. सिस्टर बहुतेक वेळ बाळंतिणींकडे असायच्या.

त्या वॉर्डात मारोतराव होते. लोधीखेड्याचे, जिनिंगवर कामाला. कापसाच्या गाडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. भरभक्कम माणूस, पण स्वतःहून तसूभर हलता येत नव्हतं. अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. नाहीतर पाठीला जखम होते आणि तीच माणसाला नेते. सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर पेशंटला पुढून पाहतो. आपण मागून पाहायचं."

कूस बदलली की वहीत वेळ आणि बाजू लिहून सही करायची.

मला नागपूरला बदली हवी होती. तिथे माझं लग्न ठरलं होतं, आणि मुलीचे वडील म्हणाले होते, भोपाळवाल्याला मुलगी देणं म्हणजे परदेशी पाठवणं. म्हणून बारा वाजताची कूस झाली की मी बदलीच्या अर्जासाठी तहसील कचेरीत जाऊन बसायचो. तिथला बाबू रोज तेच म्हणायचा, "बस बाप्पा. तुह्या सासऱ्यासाठी का सरकार थांबून राहिलं?"

जाण्याआधी मी वहीत दोन वाजता डावी, चार वाजता उजवी असं लिहून सह्या करून ठेवायचो. काम न करता.

पहिल्या दिवशी साडेपाचला परतलो. मी त्यांना पाठीवर निजवून गेलो होतो. ते उजव्या कुशीवर होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, अगदी मी ठेवतो तशी. वाटलं, सिस्टरनी वळवलं, आता बोलणी बसणार. त्या आल्या, पाठ पाहिली आणि म्हणाल्या, "छान ठेवली आहेस."

त्या गेल्यावर मी मारोतरावांना विचारलं, "कोणी वळवलं जी तुम्हाले?"

"कोणी म्हंजे? तुमीच तं. चार वाजता येऊन गेले ना."

"मज्जाक करून राहिले का?"

"मज्जाक कायची? हात धुऊन तसेच आले, थंडगार. म्या म्हणलं, पुसून तं घ्या."

त्यांची बायको कौसल्याबाई दाराशी होती. ती म्हणाली, "तुमी आत गेले म्हून तं मी भाईर येऊन बसली."

चार वाजता मी कचेरीच्या बाकावर होतो. बाबूसमोर.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोनला डावी आणि चारलाही डावीच लिहिलं. परतलो तर मारोतराव डाव्या कुशीवर, आणि चिडलेले. "आज दोन्ही खेपा एकाच कुशीवर काऊन ठेवलं जी? खांदा दुखून राहिला ना."

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगतो — मला सोय वाटली. पंधरा-वीस दिवस मी हे चालू दिलं.

मग बदल्यांची यादी लागायची होती तो दिवस. सकाळी दहाला मी त्यांना पाठीवर निजवलं आणि धावतच निघालो. पुढचं वहीत काहीच लिहिलं नाही. विसरलो.

यादीत माझं नाव नव्हतं.

सहाला आलो तेव्हा मारोतराव सकाळी ठेवले तसेच पाठीवर. चादर ओली. वळवून पाहिलं, तर माकडहाडावर लाल डाग. बोटाने दाबल्यावर लाली क्षणभर जायला हवी... गेली नाही. म्हणजे आत कातडं मरायला लागलं होतं.

"आज काऊन नाई आले?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. "मी वाट पाहून राहिलो होतो."

मी सिस्टरच्या टेबलाच्या खणातून वही काढली, आणि बारा, दोन, चार अशा तिन्ही खेपा लिहून खाली सह्या केल्या.

त्यानंतर दर दोन तासांनी मीच त्यांना वळवलं, एकदाही चुकवलं नाही. दुसरं कोणी पुन्हा आलं नाही. जखम उघडली, ताप चढला. महिन्याभरात ते गेले. सिस्टरनी वही पाहून माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "तू सगळं केलंस रे. काही काही जखमा होतातच."

प्रेत गाडीत ठेवल्यावर कौसल्याबाई माझ्यापाशी आली. "पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं केलं तुमी."

इतकी वर्षं मी उलगडा शोधतोय. कौसल्याबाईने वळवलं असेल? तो देह तिला एकटीला हलला नसता. मारोतराव मला सांभाळून घेत होते? पण मग बाजू वहीप्रमाणे कशा? दोघांनाही वाचता येत नव्हतं आणि वही खणात असायची. माझ्यासारखा दुसरा कोणी होता म्हणावं, तर तो माझ्या लिहिण्यावर का अवलंबून होता? आणि मी स्वतःच दोन ठिकाणी असलो, तर त्या एका दिवशी मी कुठे होतो? काही कळत नाही.

आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवतो. आधी हात, मग सही, एवढं सांगतो. का, ते सांगत नाही.

कौसल्याबाई अजून लोधीखेड्यात आहे. बाजारात भेटली की सोबतच्या माणसाला माझं कौतुक सांगते आणि मी ऐकून घेतो. त्या दिवशीच्या तीन कुशी मी तिच्या नवऱ्याला देणं लागतो, त्या आता फिटायच्या नाहीत. तिला खरं सांगणंही मी देणं लागतो. तेही अजून दिलेलं नाही.