सापाला घाबरणारे काका

हॅमिल्टनचे आमचे शेजारी काका मूळचे नागपूरचे. स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर काम करून रिटायर झाले, पण अजूनही भट्टीशेजारी उभे असल्यासारखे ओरडूनच बोलतात. सापाला इतके घाबरतात, की माझ्या मुलीने कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप पाळल्यापासून आमच्या बेसमेंटच्या जिन्यातच थांबायचे. तिथूनच एकदा गरजले, "सापाच्या काचेच्या टाकीखालची हीटिंग मॅट किती तापते?"

"हात लावून पाहिलं ना काका, कोमट आहे," मी इंजिनियरच्या रुबाबात म्हणालो.

"हात? अरे बाप्पा, तू काय आंघोळीचं पाणी पाहून राहिला का?"

दुसऱ्या दिवशी ते थर्मोस्टॅट घेऊन चक्क खाली उतरले. साप वीतभर अंतरावर असताना त्यांनी टाकीत हात घालून मॅटवरच्या काचेला सेन्सर चिकटवला. आकडा एकेचाळीस अंश! सापाचं पोट भाजलं असतं. काकांनी तो बत्तीसवर आणला.

"टाकीचं दुसरं टोक पंचवीसच्या आसपास राहू दे. गरम झालं तर त्यानं सरकायचं कुठं?"

"अंकल, यू आर सो ब्रेव्ह!" मुलगी म्हणाली.

"कायचा ब्रेव्ह, पोरी! पाय पाहा कसे लटपटून राहिले."

मराठी मंडळात हल्ली मी माझ्या नोकरीबद्दल बोलत नाही. काकांकडे बोट दाखवून 'मी यांचा शेजारी,' एवढंच ऐटीत सांगतो.